हालिनाबाईच्या घराचं दार

उंबऱ्यापासून मधल्या खांबापर्यंत सारवून झालं होतं, उरलेला अर्धा सोपा तसाच कोरडा होता. तेवढ्यात अंगणात सायकल थांबली.

"मास्तर, आत येऊ नका! ओलं हाय," शेणाचा हात वर करून तानाबाई ओरडली.

यज्ञेश्वर मास्तर राजारामपुरीतल्या शाळेत चित्रकला शिकवत. लढाईत घरं सुटलेल्यांची चित्रं नि फोटो ते शाळेच्या हॉलमध्ये मांडणार होते. दारातूनच म्हणाले, "हालिनाबाईंचा निरोप आलाय. विलायतेत सुखरूप आहेत. त्यांचं ते चित्र तुमच्याकडंच आहे ना? प्रदर्शन झालं की त्यांची मैत्रीण ते त्यांच्याकडं घेऊन जाईल."

तानाबाईला भरून आलं. वळिवड्याच्या छावणीत लढाईनं देशोधडीला लागलेली पोलंडची माणसं आली, तेव्हापासून ती उचगावहून तिथं दूध घालायची. हालिनाबाईला मराठी येत नव्हतं, हिला दुसरं काही येत नव्हतं, तरी दोघींचं जमलं. छावणी उठली तेव्हा हालिनाबाईनं आपल्या गावच्या घराचं, स्वतः रंगवलेलं चित्र हिच्या हाती दिलं. लढाईनंतर सरहद्द सरकून ते घर परक्या मुलखात गेलं होतं, तिथं परतायची सोय उरली नव्हती. बोटीवर चित्र भिजेल, ठिकाणा लागला की मागवीन, असं तिनं खुणांनी सांगितलं.

तानाबाईनं ते देव्हाऱ्यात ठेवलं. रोज आपला उंबरा पुजला की चित्रातल्या उंबऱ्यालाही हळदकुंकवाचं बोट. ज्या उंबऱ्याला कुणी बोट लावत नाही, तिथं घरधनीण परतायची कशी?

हात धुऊन, पदराला पुसून तिनं चित्र आणलं. मास्तर बघतच राहिले.

"तानाबाई, दारावर हे काय लाल थापलंय?"

"कुंकू हाय की. पुसून देते," म्हणत तिनं ओला पदर फिरवलासुद्धा.

"अहो, थांबा!"

कुंकू निघालं. त्याच्याखालचं दारही निघालं. पाण्यात कालवलेले रंग ते, टिकतात कसले! पदरावर निळा डाग तेवढा उतरला.

मास्तरांना तिची दया आली. "रडू नका. मी रंगवतो. कसं होतं दार?"

"निळं."

"उघडं होतं की लावलेलं? कडी कुठं होती?"

तानाबाई आठवत राहिली. इतके दिवस तिनं नुसता उंबराच पाहिला होता.

"दुसऱ्याच्या घराला मी मनानं दार कसं लावू?" मास्तर म्हणाले, आणि चित्र तसंच घेऊन गेले.

प्रदर्शनात शेजारची बाळाबाई तिच्याबरोबर आली होती. चित्राकडं बघून फिदीफिदी हसली, "अगं, ह्या घरात शिरायचं कुठनं? कौलं काढून?"

"गप की गं," तानाबाई म्हणाली.

हालिनाबाईची मैत्रीण आली, चित्रासमोर कितीतरी वेळ उभी राहिली. तानाबाईनं तिचा हात धरला. "मास्तर, सांगा हिला. मी रोज पुजत हुते, म्हणावं."

मास्तरांनी इंग्रजीत सांगितलं. मैत्रिणीनं मान डोलावली. तिला काय कळलं नि ती हालिनाबाईला काय सांगेल, अंबाबाईला ठाऊक. चित्र कागदात गुंडाळलं गेलं.

बाळाबाई म्हणाली, "बस की घटकाभर, पाणी पी."

"न्हाय. उशीर हुतोय."

छावणीतल्या हालिनाबाईच्या खोलीत आता फाळणीत घर सुटलेलं सिंधकडचं एक कुटुंब उतरलं होतं. घरी जाऊन म्हैस पिळायची आणि त्यांचं दूध वळिवड्याला पोचवायचं होतं.