रजिस्टरात न उतरवलेलं पत्र

आमच्या गटात बावीस जण होते आणि ईमेलचा पत्ता एकच. शतक संपायला वर्ष-दीड वर्ष उरलं होतं. नगरला स्टँडजवळ नुकतंच एक सायबर कॅफे निघालं होतं. त्याच्या मालकाने गटाच्या नावाने पेटी उघडून दिली. पासवर्ड मी विहाराच्या फळ्यावर खडूने लिहून टाकला. आपल्यात लपवण्यासारखं काय असणार?

मी तेव्हा चाळिशीची, एका सरकारी कचेरीत आवक-जावकला कारकून. रविवारी विहाराशेजारच्या खोलीत आमच्या बौद्ध पोरापोरींचा गट चालवायचे. काही कॉलेजात शिकणारे, काही नागापूरच्या एमआयडीसीत कामाला. तोपर्यंत निरोपासाठी पोस्टकार्ड, किराणा दुकानातला फोन आणि एकाच्या कमरेला कंपनीने अडकवलेला पेजर एवढंच होतं. पेजरवर "रवि दहा वाजता" यापलीकडे फारसं काही धाडता येत नसे. पुण्याच्या संस्था ईमेलने कळवायला लागल्या, तेव्हा मी कचेरीची शिस्त गटात आणली. दर शनिवारी पाळीने एकाने कॅफेत जायचं, पेटी उघडायची, आलेलं-गेलेलं प्रत्येक पत्र रजिस्टरात उतरवायचं, क्रमांक घालायचा. रविवारी वंदना झाली की त्यानेच उभं राहून ते वाचायचं. काही गाळायचं नाही. या पद्धतीचा मला फार अभिमान होता.

त्या पावसाळ्यात एका संस्थेने दवाखान्यातल्या प्रयोगशाळेच्या कामाचा सहा महिन्यांचा कोर्स कळवला. राहणं-जेवण तिथेच, आमच्या गटाला दोन जागा. अर्ज तीन आले. एक मुलगा आणि एक मुलगी नगरचे, दोघांचेही वडील नोकरीला. तिसरी मुलगी खर्ड्याकडची, बारावी झालेली, नागापुरात मामाकडे राहणारी. तिघांत हुशार तीच. पण तिच्या घरचे दरवर्षी दसरा झाला की ऊस तोडायला पुणतांब्याकडे जात, आणि शाळेत असताना दोन हंगाम तीही सोबत गेली होती. यंदा तिला मामाकडेच ठेवायचं वडलांनी कबूल केलं होतं. हे तिने मला दोनदा सांगितलं. मी ते माझ्या यादीत तिच्या नावापुढे टिपून घेतलं आणि शेवटी प्रश्नचिन्ह काढलं.

संस्थेने माझं मत मागवलं. जेवणाच्या सुट्टीत कॅफेत जाऊन मी इंग्रजी अक्षरांत मराठी पत्र टाइप केलं. तिच्याविषयी तीन वाक्यं लिहिली. मुलगी हुशार आहे. घर ऊसतोडीचं आहे. दसऱ्यानंतर ती टिकेल याची खात्री देता येत नाही, सबब बाकीच्या दोघांना घ्यावं.

हे पत्र गोपनीय, म्हणून रजिस्टरात घेतलं नाही. टपालपेटीत टाकलं की पत्र हातातून गेलं, ही माझी आयुष्यभराची समजूत. गेलेल्या पत्राची प्रत ईमेलच्या पेटीतच राहते हे मला ठाऊक नव्हतं. त्या शनिवारची पाळी तिची होती. पाळ्यांची यादीही मीच केलेली.

रविवारी ती रजिस्टर घेऊन उभी राहिली. दोन आलेली पत्रं वाचली, मग म्हणाली, "जावक एकतीस. ह्ये उतरवायचं राहिलं हुतं."

तिने सुरुवात केली. पहिल्या ओळीला माझं लक्ष नव्हतं, मी पुढच्या शिबिराच्या सामानाची यादी तपासत होते. दुसऱ्या ओळीला हातातला पेन थांबला. इंग्रजी अक्षरांतलं माझं पत्र तिने एकेक शब्द लावून मराठीत उतरवलं होतं, म्हणजे घाईत चाळलेलं नव्हतं. "घर ऊसतोडीचं आहे" हे तिने बाकीचं वाचलं त्याच आवाजात वाचलं. शेवटी माझं नाव आणि हुद्दाही वाचला.

मी म्हणाले, "हे गोपनीय होतं. हे उतरवायचं नव्हतं."

"काय बी गाळायचं न्हाई, असं तुमीच सांगितलंय ना, ताई," ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. तिला खरंच वाटलं असावं की तिच्या हातून चूक झाली.

पेजरवाला मागून बोलला, "ताई, आमचं बी काय लिव्हलं असंल तर आत्ताच सांगा. माझा बाप पितो, त्ये कळवलंय का पुण्याला?"

एकजण हसला आणि लगेच गप्प झाला.

"तुझं काही लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

"मंग हिचंच का?"

मी शिबिराचा विषय काढला, कोण काय आणणार ते वाटून दिलं आणि सभा वेळेत संपवली. घर बघून माणूस जोखणाऱ्यांच्या नावाने मी याच खोलीत कितीदा तरी तावातावाने बोलले होते. ती मुलगी तेव्हा पुढेच बसलेली असायची.

सोमवारी दुसरं पत्र पाठवलं. आधीचं मत घाईचं होतं, या मुलीचा पहिल्यांदा विचार व्हावा, असं लिहिलं. हे रजिस्टरातही घेतलं. चार दिवसांनी उत्तर आलं : दोन जागा भरल्या आहेत, तिला प्रतीक्षायादीत पहिली ठेवतो. मी तिला निरोप धाडला. ती पुढच्या दोन रविवारी आली नाही, आणि दसरा झाल्यावर तिचे मामा माझ्या कचेरीत आले. कारखान्याच्या कपड्यांतच होते.

"पोरगी गेली तोडीला," ते म्हणाले. "मी लई सांगितलं दाजींना. पन ते म्हनले, येवढी शिकलेली बाई लेखी देतीया पोरगी टिकायची न्हाई, मंग हितं ठिवून काय करायची?"

"त्यांना कोणी सांगितलं?"

"बावीस जनांत वाचलं न्हवं ते! खर्ड्यापत्तूर जायाला किती येळ लागतो, ताई?"

ते रागावले नाहीत, हे मला जास्त लागलं.

थंडी पडल्यावर संस्थेचं पत्र आलं. एक जागा रिकामी झाली होती, मुलीला आठ दिवसांत पाठवा. मी ते छापून घेतलं, रजा टाकली आणि एसटीने पुणतांब्याला गेले. गावाबाहेर तोडकऱ्यांच्या कोप्या होत्या, उसाच्या पाचटाच्या झोपड्या. विचारत विचारत तिची सापडली. ती उसाच्या फडातून डोक्यावर मोळी घेऊन येत होती. मोळी गाडीजवळ टाकली, ओढणीने तोंड पुसलं.

"जय भीम, ताई. तुमी हितं?"

मी कागद तिच्या हातात दिला. तिने तो उभ्यानेच वाचला, दोनदा.

"आठ दिसांत?"

"आजच चल. तुझ्या वडलांशी मी बोलते."

"आबांचं न्हाई काय." तिने कोपीकडे पाहिलं. आत तिची वहिनी झोपली होती, दिवस भरत आलेले. "वैनीला आता मोळी उचलवत न्हाई. तिच्या जागी मी हाय. मी गेले तर दादा येकटा काय करनार?"

"दुसरं कोणी?"

"आता कोन मिळायचं, हंगाम चालू झाल्यावर? आधी असतं तर केलं असतं काय तरी."

आधी म्हणजे कधी, ते तिने सांगितलं नाही. मी म्हणाले, "चुकलं माझं. मी ते लिहायला नको होतं."

तिने कागद नीट घडी करून मला परत दिला. "तुमी खोटं कुठं लिव्हलं हुतं, ताई? आलेच की मी तोडीला." आणि हसली. "बसा, चा टाकते."

पत्रातलं ते वाक्य खरं करायला मीच हातभार लावला होता, हे तिला सांगायचं राहिलं. तोंडापर्यंत आलं, तेवढ्यात भावाने गाडीवरून हाक मारली, "ये बाय, बैलं खोळंबल्यात!" ती गेली. चहा तिच्या आईने केला. नगरहून आलेली बाई म्हणून मला एकुलत्या एक कपात दिला, स्वतः पेल्यात घेतला. पोरीकडे काय काम होतं, हे तिने एका शब्दाने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॅफेत बसून संस्थेला कळवायचं होतं की मुलगी येऊ शकत नाही. त्यांनी कारण विचारलं होतं. खरं कारण माझं आधीचं पत्र होतं, आणि ते लिहायला चार ओळी पुरल्या असत्या. मी 'घरगुती अडचण' असं टाइप केलं, बटण दाबलं आणि कचेरी उघडायच्या वेळेला हजर झाले. पहिल्या आणि या शेवटच्या, दोन्ही पत्रांत दोष तिच्या घरावर गेला, आणि दोन्हींखाली सही माझी.