तापकऱ्याची ओसरी

साल २०२३. मला एकाहत्तर पूर्ण. शाळा दुसरीपर्यंतच, पुढं सगळी नोकरी फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात. पण लेक संगीता डासांचं शिकली आणि आरोग्य खात्यात गेली. समुद्रावरच्या बंदरात ती एक जागा आखत होती. परदेशी जहाजावरून तापाचा खलाशी उतरला, तर त्याला वेगळं ठेवायची.

"आप्पा, तिथं तुमचं काय काम?"

"काम न्हाई. लेकीचं काम बघायला येतोय," म्हणालो आणि गाडीत पुढं बसलो.

सकाळी कुरुळीतून निघालो. चाकणच्या चौकात कंटेनरच्या रांगेत तासभर अडकलो. घाट उतरलो तशी हवा पालटली, सदरा पाठीला चिकटला.

बंदराबाहेर एका आगरी बाईच्या खानावळीत जेवलो. "म्हावरं (मासळी) खाता ना, काका?"

"देशावरचा हाय, पन भीत न्हाई," मी म्हणालो, आणि दुसऱ्याच घासाला काटा अडकला. बाईनं कोरड्या भाताचा गोळा गिळायला लावला. वर हसली, "हलू खावा. मासा आता पलनार नाय."

बंदर मी पहिल्यांदा पाहिलं. जहाज म्हणजे आमच्या फाउंड्रीची अख्खी शेड पाण्यावर उभी! त्याच्या कडेला संगीतानं नमुन्यादाखल उभारलेली खोली होती. पत्र्याची, खिडक्यांना बारीक जाळी, खाटेवर मच्छरदाणी, दार स्प्रिंगचं. नकाशात पुढं जाळीची ओसरीही होती. ती बंदराच्या साहेबांनी लाल पेनानं खोडली होती.

"आजारी माणूस झोपणार, मॅडम. ओसरी कशाला?"

"घुसमटला की तो दार उघडेल, सर. हा ताप पसरवणारा डास दिवसा चावतो. बाहेरचा पीतज्वर (अंग पिवळं पडणारा ताप) आपल्या डासात शिरला, तर गावंच्या गावं आजारी पडतील."

"मग कुलूप लावू."

"तो रुग्ण आहे, कैदी नाही."

मला वाटलं, साहेब पोरीच्या खोलीला नावं ठेवतोय. मी मधेच बोललो, "खोलीला काय झालंय? पाच वाजेपर्यंत मी राहून दाखवतो."

"आप्पा, नको," संगीता म्हणाली. पण मी आत जाऊन आडवा झालो होतो.

उभा जन्म भट्टीपुढं गेला, मला उकाड्याचं काय? असं म्हणत पडून राहिलो. पण पत्रा तापला. मच्छरदाणीतून वारा शिवेना. जीव कासावीस झाला. हा उकाडा भट्टीसारखा नव्हता, तिथं निदान माणसं असतात, चेष्टामस्करी असते. फाउंड्रीत स्प्रिंगचं दार आम्ही विटेनं अडवून ठेवायचो. इथं वीट नव्हती. दारात चप्पल खोचली आणि पायरीवर येऊन बसलो. काय बरं वाटलं!

तेवढ्यात दोघं चहा घेऊन आली. "काय काका, वाजले का पाच?" साहेब खो खो हसले.

संगीतानं माझ्या दंडावर चापट मारली. तिच्या तळव्यावर चिरडलेला डास आणि रक्ताचा ठिपका होता. तो तिनं साहेबांपुढं धरला.

"हे धडधाकट माणसाचं रक्त आहे, सर. इथं तापकरी बसला असता तर?"

साहेबांचं हसू विरलं. त्यांनी दारातल्या चपलेकडं पाहिलं. मग म्हणाले, "ओसरी नकाशात परत घ्या. जाळीची. दारं दोन ठेवा, एकामागं एक."

परतीला घाट लागला.

"आप्पा, किती वेळ टिकलात?"

"रस्त्याकडं बघ."

ती गालात हसली. मी मात्र त्या अजून न आलेल्या खलाशाचा विचार करत होतो. परका मुलूख, अंगात ताप, बोली कुणाला कळत नाही. त्याला वाऱ्याला बसायला जागा दिली, तर तो पळेल कशाला? कुलपापेक्षा ओसरी पक्की. हे माझ्या पोरीला आधीच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या जुन्या फाउंड्रीच्या गेटापाशी चहाला गेलो. "काय आप्पा, काय म्हणतंय लेकीचं काम?" कुणीतरी विचारलं. हरलो असं मी आजवर कुणापुढं म्हटलेलं नाही. त्या सकाळी पहिल्या शिफ्टच्या सगळ्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणालो, "पोरीचं बरोबर व्हतं. मी हरलो."