चौथ्याची पाटी

आधीच सांगून टाकतो, या सदरातले अनुभव मी करमणूक म्हणून वाचतो आणि वाचून झाले की बायकोला त्यातल्या चुका काढून दाखवतो. माझी सगळी नोकरी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये गेली. गेज चुकीचा आकडा दाखवत असेल तर गेज बिघडलेला असतो, टाकीत भूत शिरलेलं नसतं... एवढं साधं माझं तत्त्वज्ञान. आमच्या सुभानपुऱ्याच्या सोसायटीत कुणाच्या दारात उतरवलेलं लिंबू सापडलं की बायका मला हाक मारायच्या, आणि मी ते सर्वांसमोर कापून सरबत करून प्यायचो. अशा माणसाने हे लिहायला घेतलंय, यावरून काय ते समजा.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची. आमच्या बडोद्यात तेव्हा ज्याच्या-त्याच्या घरी नवा पासपोर्ट दिसायला लागला होता. केतन माझा कॉलेजपासूनचा दोस्त, मलेशियात समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर इंजिनीअर. त्याने तिथल्या एका सहकाऱ्याबरोबर जुनी शिडाची यॉट घेतली होती, छत्तीस फुटी. बहिणीच्या लग्नाला बडोद्याला आला तेव्हा त्याने आमच्या मागे टुमणंच लावलं. "चाल ने यार! लंकावीहून निघायचं, बेटाबेटांनी वर थायलंडकडे. बारा दिवस. आखी जिंदगी गेजच बघणार काय?"

मी तयार झालो आणि माझा धाकटा भाऊ मिलिंदही. मिलिंद सव्वीस वर्षांचा, मकरपुऱ्याला एका कारखान्यात होता. बडबड्या, भांडखोर, आईचा भारी लाडका. आई त्याला दिवसातून दहा वेळा "मिल्या, मेल्या" म्हणायची आणि अकराव्या वेळी त्याच्या ताटात गुपचूप तुपाची धार सोडायची. वडील गेल्यापासून आमचं घर त्या दोघांच्या भांडणावरच चालत होतं.

निघायच्या दिवशी केतन टॅक्सी घेऊन आमच्याच घरी आला. आईने तिघांच्या हातावर दही ठेवलं आणि मग एकदम थबकली.

"तिघंच जाताय?"

तिघांनी मिळून निघू नये असं आमच्याकडे मानतात. निघायचंच झालं तर सोबत एखादा खडा नाहीतर सुपारी घ्यायची, ती चौथी. आईने देवघरातली पूजेची सुपारी आणली, तिला कुंकू लावलं आणि रुमालाच्या गाठीत बांधून माझ्या हातात दिली.

"हिला माणूस समजायचं. कुठे टाकायची नाही, कुणाला द्यायची नाही. चौघं जाताय, चौघंच परत या."

"आई, हिचं तिकीट काढलेलं नाही," मी म्हणालो. केतन हसला. आई हसली नाही. "तू मोठा आहेस म्हणून तुझ्याकडे दिली," एवढंच म्हणाली.

आता यॉटबद्दल. केतनने तिच्यावर प्लॅटफॉर्मवरचा एक नियम लावला होता. आत उतरायच्या जिन्याजवळ एक फळी, तिच्यावर प्रत्येकाच्या नावाची प्लास्टिकची छोटी पाटी. एक बाजू हिरवी, दुसरी लाल. बोटीवर असलात तर हिरवी. पोहायला किंवा किनाऱ्यावर जाताना आपली पाटी लाल करायची, परत आलात की हिरवी. आणि पक्का नियम असा की ज्याची पाटी त्यानेच फिरवायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. "आमच्याकडे एकदा एकाने मित्राची पाटी फिरवली," केतन म्हणाला, "तो परत आलाय समजून लोकांनी त्याला शोधलंच नाही."

मिलिंदला गंमत सुचली. त्याने आइस्क्रीमच्या डब्याचं झाकण कापून, रंगवून चौथी पाटी केली, तिच्यावर "चौथा" लिहिलं आणि हिरवी बाजू पुढे करून टांगली. सुपारी रुमालातून काढून स्टीलच्या वाटीत, होकायंत्राशेजारी ठेवली. रोज जेवताना तो तिच्यासमोर भाताचं शीत ठेवायचा. "चौथा आज जेवत नाहीये, दादा. तुझा स्वयंपाक बघून पळाला."

पहिले सात दिवस... काय सांगू! पाणी इतकं नितळ की नांगर तळाला टेकलेला वरून दिसायचा. एका बेटाला पाठ फिरवली की दुसरं समोर उभं. बरीचशी ओसाड, वर दाट झाडी, खाली ओंजळभर वाळू. आयुष्यात तेवढा सुखी मी क्वचितच होतो, हे लिहिताना बरं वाटत नाही.

आठव्या दिवशी दुपारी आम्ही एका लहानशा बेटाजवळ नांगर टाकला. चार्टवर त्याला नाव नव्हतं, नुसता आकडा होता. वारा पडला होता. मिलिंद पुढच्या डेकवर शिडाच्या सावलीत झोपला होता. आणि माझं डोकं भयंकर ठणकत होतं.

कारण सांगायला लाज वाटते. मला सुपारीचं व्यसन. जेवणानंतर कातरलेली सुपारी तोंडात टाकल्याशिवाय माझं जेवण पूर्ण व्हायचं नाही. बरोबर आणलेला डबा दोन दिवसांपूर्वी खाऱ्या पाण्यात भिजून कुजला होता. अडकित्ता तेवढा बॅगेत होता. जेवून उठलो आणि नजर गेली ती समोरच्या वाटीवर.

एक क्षण आई आठवली, नाही असं नाही. पण मी स्वतःशीच म्हटलं, लिंबाचं सरबत पिणारा तू, सुपारीला घाबरतोस? कुंकू पुसलं आणि कातरली. कडक होती, जोर लावावा लागला. केतनपुढे हात केला.

"अरे, चौथ्याला खाल्लास?" तो हसत म्हणाला आणि दोन तुकडे त्यानेही तोंडात टाकले. मग थुंकला. "खारी छे, यार!"

खरंच खारट होती. वाटीत कोरडी पडलेली सुपारी, खारट कशी झाली कुणास ठाऊक. मी मात्र सगळी चावून खाल्ली. आणि गंमत पुरी करायची म्हणून जिन्याजवळ जाऊन "चौथा"ची पाटी लाल केली.

चारच्या सुमारास मिलिंद उठला. त्याला आम्ही काही सांगितलं नाही, म्हटलं संध्याकाळी चिडवू. त्याने मास्क आणि फिन्स घेतले, आपली पाटी लाल केली आणि पाण्यात उतरला. किनारा फार तर सत्तर मीटर. तो वाळूवर चढला, आमच्याकडे बघून हात हलवला आणि उजवीकडच्या खडकामागे गेला. हे आम्ही दोघांनी डोळ्यांनी पाहिलं.

अर्ध्या तासाने केतन म्हणाला, "फारच वेळ लावला ने." आम्ही आमची एकुलती रबरी होडी घेऊन गेलो. खडकामागे त्याचा मास्क आणि फिन्स नीट शेजारी-शेजारी ठेवलेले. मिलिंद नाही. बेटाला पूर्ण फेरी मारायला पंधरा मिनिटं पुरायची. आम्ही तीन फेऱ्या मारल्या, झाडीत शिरलो, ओरडून ओरडून घसा बसला. तिसऱ्या फेरीत मला रडू फुटलं होतं. सारखं एकच मनात येत होतं, आईला काय सांगू?

शेवटी रेडिओवरून मदत मागायची म्हणून यॉटवर परतलो. सूर्य अजून हातभर वर होता.

मिलिंद यॉटवर बसला होता. मांडीवर ताट घेऊन दुपारचा भात खात होता. केस कोरडे, कपडे कोरडे.

"कुठे गेला होतात?" त्याने विचारलं.

मी त्याच्या मुस्काटात मारली... आणि मग मिठी मारली. तो हसला नाही की चिडला नाही. "मी तर इथेच होतो," म्हणाला. केतनने त्याला पाटीबद्दल विचारलं. तो म्हणाला, "केली ने हिरवी."

आम्ही फळीकडे पाहिलं. मिलिंदची पाटी लालच होती. हिरवी झाली होती ती "चौथा"ची.

आता इथे मी जे केलं ते का केलं, अजून कळत नाही. मला ती लाल पाटी बघवेना. मी पुढे झालो आणि मिलिंदची पाटी माझ्या हाताने हिरवी केली. "दुसऱ्याची पाटी नहीं फेरववानी!" केतन जवळजवळ किंचाळला. पण मी फिरवली होती. आणि भाऊ समोर बसलेला असल्यावर रेडिओवरून शोधायला कुणाला बोलावणार? दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नांगर उचलला आणि निघालो.

तो आमच्या आधी यॉटवर कसा पोचला, याचं उत्तर मी तेव्हाच शोधून काढलं होतं. मिलिंद बेटाच्या दुसऱ्या बाजूने पोहत आला, उन्हात वाळला आणि चुकून भलतीच पाटी फिरवली. बसतं की नाही? मलाही बसलेलं वाटलं, बडोद्याला पोचेपर्यंत.

केतन तिकडेच राहिला. आम्ही दोघं सकाळी दहाला घरी आलो. आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. माझ्यावरून ओवाळला, डोळ्यांना पाणी लावलं. मग मिलिंद पुढे झाला आणि तिचा हात अर्ध्यावर थांबला.

"मिलिंद मागून येतोय का?" तिने मला विचारलं.

"आई, हा काय!"

तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग खांद्यावरचा पदर सारखा केला. "या, बसा," म्हणाली आणि पाहुण्याला आणावं तसं तबकात फुलपात्र ठेवून पाणी घेऊन आली.

त्या दिवसापासून आईने त्याला कधी "तू" म्हटलं नाही. "तुम्हाला भात वाढू?" "तुम्ही दमला असाल." पोटच्या मुलाला अहो-जाहो! मी चिडलो, समजावलं, हातापाया पडलो. गोत्रीला डॉक्टरांकडे नेलं. तिने त्यांना सतराचा पाढा म्हणून दाखवला, शेजारणीच्या नातवंडांची नावं सांगितली, सगळं ठीक. डोकं फक्त या एका जागी फिरलं होतं... किंवा फिरलं नव्हतं. तिने त्याचा कधी दुस्वास केला नाही. पुढे त्याचं लग्न झालं, तो तरसालीला राहायला गेला. लग्नात ती नव्या सुनेला म्हणाली, "मुलगा चांगला आहे हो." आणि मिलिंदचा एक शर्ट दर दिवाळीला धुऊन, इस्त्री करून कपाटात परत ठेवायची.

तुम्ही म्हणाल, त्याला तपासलं नाही का? तपासलं. हनुवटीवरची टाक्यांची खूण जागेवर. लहानपणीच्या गोष्टी विचारल्या, एकही चुकली नाही. माझ्याच चुकल्या. मला भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. आई "तुम्ही" म्हणायची आणि तो निमूटपणे "हो" म्हणायचा. आमच्या मिल्याने घर डोक्यावर घेतलं असतं.

महिनाभराने केतनचा फोन आला. "मिलिंद केम छे?" "मजेत आहे." मग म्हणाला, "बोट साफ करत होतो. त्याची पाटी लाल आहे, यार. तू हिरवी केली होतीस ने? मी हात नथी लगाड्यो." त्यानंतर त्याने बोटीतला आपला हिस्सा काढून टाकला. आमच्यात हल्ली फक्त दिवाळीच्या शुभेच्छा होतात.

आई आणखी आठ वर्षं जगली. शेवटच्या आजारपणात एका दुपारी तिने मला जवळ बसवलं. "सुपारीचं काय केलंस?" आठ वर्षांत पहिल्यांदाच विचारलं. मी खरं सांगितलं. ती ओरडेल, रडेल असं वाटलं होतं.

"मग त्यांना कशाला बोल लावायचा," ती शांतपणे म्हणाली. "ते बिचारे आले. तू जागा दिलीस म्हणून आले." आणि भिंतीकडे तोंड केलं. चार दिवसांनी ती गेली.

दहाव्याला आम्ही चांदोदला गेलो, नर्मदेच्या घाटावर. पिंड ठेवला. समोर कावळे मोप, पण एकही शिवेना. तासभर झाला. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, बोला. मी बोलत गेलो. घर सांभाळीन, तुझं हळदीकुंकू चालू ठेवीन, सुनांना दुखवणार नाही. मिलिंद माझ्या शेजारी हात जोडून उभा होता. तोही म्हणाला, "आई, मी दादाला अंतर देणार नाही." कावळे नुसते बघत राहिले.

शेवटी मी मान खाली घातली आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं पुटपुटलो, "आई, मिलिंदला घेऊन येईन."

शब्द संपायच्या आत कावळा पिंडाला शिवला.

शेजारी उभा असलेला माझा भाऊ वळून माझ्याकडे बघत होता. मग त्याने माझा हात धरून मला सावकाश पायऱ्यांवरून उतरवलं, कारण त्या ओल्या होत्या. फार काळजी घेतो तो माझी.

गेजवाला माणूस आहे मी, तरी याचं रीडिंग मला लागलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला लागलं तर जरूर कळवा. आईला दिलेलं वचन मी अजून पाळलेलं नाही. पैसे आहेत, पासपोर्ट आहे, त्या बेटाचा चार्टवरचा आकडासुद्धा पाठ आहे. तिथे कुणीच सापडलं नाही तर काय, याची मला भीती नाही. खडकामागून मिल्या येईल आणि भांडायला लागेल, "दादा, किती वेळ लावलास?"... त्याची आहे.