लाभाची भाकरी

डॉक्टरीणबाईंनी मला सरळ विचारलं होतं, "हे तुम्हाला माहीत होतं का?" मी "नाही" म्हणालो. माझी बायको शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. ते "नाही" खोटं होतं, हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. तिला तर नाहीच नाही.

मी कळंबच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी आहे. शेतकऱ्याचा माल आडतीवर आला की पोतं काट्यावर घालायचं आणि वजन पुकारायचं, हे माझं काम. मापाड्यावर कुणाचाच विश्वास नसतो. शेतकऱ्याला वाटतं हा व्यापाऱ्याचा, व्यापाऱ्याला वाटतं हा शेतकऱ्याकडं झुकतो. दोन्हीकडच्या नजरा झेलता झेलता माझीही नजर तशीच झाली. काट्याला कुणी पाय लावलाय का, पोत्यात वर टपोरे दाणे आणि तळाला खडे आहेत का, हे आधी बघायचं. मग माणसाकडं बघायचं. ही नजर मी घरी घेऊन गेलो.

चार वर्षांपूर्वी मला साखर निघाली. मी भात सोडला, चहातली साखर सोडली, पहाटे येरमाळ्याच्या रस्त्यानं चालायला लागलो. सहा महिन्यांत पँटी ढिल्या झाल्या. मोंढ्यात लोक विचारायचे, काय केलंत? मी सांगायचो. सांगून सांगून माझी खात्री झाली की हे सगळं मी मनाच्या जोरावर केलं. खरं तर माझं ताट बायकोनं बदललं होतं. भाकरीच्या आधी पालेभाजी पुढं यायची, डब्यात मोडाची मटकी असायची, आमटीवरचा तेलाचा तवंग कमी झाला होता. मी फक्त पुढ्यात आलेलं खाल्लं होतं. हे मला तेव्हा दिसलं नाही.

मग तिचे गुडघे धरले. लेक सासरी, मुलगा नोकरीला बाहेर, घरात आम्ही दोघंच. आधी ती जमिनीवर बसून भाकरी थापायची, ते सुटलं. मग ओट्यापाशी उभं राहणंही अवघड झालं. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून सांगितलं की वजन उतरलं तर ऑपरेशन टळेल, नाहीतर वर्षा-दोन वर्षांत करावंच लागेल. ऑपरेशनचं नाव काढलं की ती विषय बदलायची. तिच्या माहेरी, शेजारच्या वाशी तालुक्यात, एक मावशी ऑपरेशननंतर अंथरुणातून उठलीच नव्हती. दवाखान्यातून येताना रिक्षात ती मला म्हणाली, "तुमी उतरवलं तसं माझंबी उतरवून द्या." तिनं विश्वासानं सांगितलं होतं. मी ते कंत्राट घेतल्यासारखं घेतलं.

दिवसाला दीड भाकरी, असं मी ठरवलं. अर्धी सकाळी, अर्धी दुपारी, अर्धी रात्री. शेंगाची चटणी बंद. ती म्हणाली, भाकरी मोजत नसतात, घरातली बरकत जाती. मी म्हणालो, मोजल्याशिवाय काही कळत नसतं. तेव्हा तिनं एकच अट घातली. "मोजायचीच असल तर पयलीला एक म्हणू नका. लाभ म्हणा." धान्याच्या राशीवर आमच्याकडं तशीच रीत आहे. पहिलं माप टाकताना एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, आणि मग दोन, तीन. मी मापाडी, मला कोण शिकवणार? मी हसून होय म्हणालो आणि विसरून गेलो.

वजन मोंढ्यातच करायचं ठरलं. घरातल्या काट्यावर माझा भरवसा नव्हता. अमावास्येला बाजार बंद असतो, त्या दिवशी तिला आडतीवर घेऊन जायचो आणि पोती तोलायच्या काट्यावर उभं करायचो. पहिल्या खेपेला आम्ही दोघंच होतो. दुसऱ्या खेपेला तीन हमाल सावलीला बसलेले. त्यांतला एक जुना, माझ्या बरोबरीचा, तंबाखू मळत म्हणाला, "मापाडी, बारदाना किती धरायचा?" बारदाना म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, जे एकूण वजनातून वजा करतात. तो लुगड्याबद्दल बोलत होता. सगळे हसले. मीही हसलो. आणि सवयीनं आकडा मोठ्यानं पुकारला, पोत्याचा पुकारतो तसाच.

तो आकडा मी इथं लिहिणार नाही. तो तिचा आहे.

ती काट्यावरून उतरली, चपला घातल्या आणि माझी वाट न बघता चालू लागली. लंगडत होती तरी माझ्यापुढं होती. घरी आल्यावर मी म्हणालो, अगं, थट्टा केली त्यानं. ती म्हणाली, "व्हय, थट्टाच." पुढच्या अमावास्येला तरीही आली. यायला नको होतं. मी न्यायला तर मुळीच नको होतं.

तीन महिने झाले, वजन हललं नाही. एखादा किलो इकडं, एखादा तिकडं. माझ्या डोक्यात एकच आलं, की ही चोरून खाते.

आधी मी काट्यावर संशय घेतला, वीस किलोचं माप ठेवून बघितलं. काटा बरोबर होता. मग शेजारणीवर. ती वाटीत काहीतरी झाकून आणायची, दारात उभी राहून बोलायची. मग बायकोच्या भावावर, कारण तो वाशीहून येताना शेंगा आणि गूळ आणायचा. ती जवळून गेली की मी वास घ्यायचो. पदराला पीठ लागलंय का बघायचो. शेंगाच्या चटणीच्या बरणीला बाहेरून पेननं बारीक रेघ मारून ठेवली. भाजी तोलायला म्हणून एक लहान काटा घरी आणला आणि ती देवळात गेली की पिठाचा डबा तोलायला लागलो. एका भाकरीला किती पीठ लागतं ते मला माहीत होतं. दुरडीत चार भाकऱ्या असायच्या, पीठ पाचांचं जायचं. आठवडाभर रोज तोललं, रोज एका भाकरीचा फरक निघाला.

आणि हेही लिहून टाकतो. त्याच दिवसांत दुपारी चार वाजता मोंढ्याच्या कोपऱ्यावर मी भजी खात होतो. रोज नाही, पण आठवड्यातून चारदा तरी. कागदाला तेल पुसून घ्यायचो, वर बिनसाखरेचा चहा घ्यायचो आणि आपण पथ्य पाळतो असं समजायचो. माझा पिठाचा डबा कुणी तोलत नव्हतं.

एके दिवशी सकाळी मोंढ्याच्या वाटेवरून चष्मा राहिला म्हणून परत आलो. पुढचं दार उघडं होतं. ओट्यापाशी ती नव्हती, तवा खाली उतरवलेला. कोठीच्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं. फटीतून बघितलं, तर ज्वारीच्या दोन पोत्यांच्या मधल्या जागेत ती उभी होती, गुडघ्याचा भार एका पोत्यावर टाकून. हातात गरम भाकरी, तिच्यावर चटणी. पटापट खात होती. नीट चावतही नव्हती. मान दाराकडं, कान रस्त्याकडं. घास नरड्यात अडकला तेव्हा तिनं छातीवर मूठ मारली, पण पाणी प्यायला बाहेर आली नाही.

त्या क्षणी मला काय वाटलं ते खरं सांगतो. वाईट वाटलं नाही. सापडली, असं वाटलं. माझं माप बरोबर निघालं, याचा आनंद झाला. चष्मा न घेताच मी परत फिरलो आणि दिवसभर वजनं पुकारताना माझा आवाज खणखणीत होता.

समोर विचारायची हिंमत नव्हती, म्हणून आडून बोललो. संध्याकाळी जेवताना म्हणालो, घरात उंदीर लई झालेत वाटतं, पीठ पुरेना. तिनं माझ्या वाटीत आमटी वाढली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतो तर कोठीत उंदराचा पिंजरा. नवा, बाजारातून आणलेला. आत चतकोर भाकरी अडकवलेली. त्या पिंजऱ्याकडं मी कितीतरी वेळ बघत राहिलो. तिला खरंच उंदीर वाटले होते, की तिनं मला उत्तर दिलं होतं? आज तीन वर्षं झाली, मला ठरवता आलेलं नाही. पिंजऱ्यात काही सापडलं नाही. भाकरी वाळून खडखडीत झाली.

त्यानंतर पिठाचा फरक बंद झाला. चार भाकऱ्या, चारांचंच पीठ. मी खूश. चौथ्या दिवशी सकाळी मी आंघोळीहून आलो तर ती ओट्याखाली भिंतीला टेकून बसलेली, हातात ओल्या पिठाचा गोळा तसाच, आणि तव्यावर भाकरी जळून धूर झालेला. डोळे उघडे होते, पण हाक मारली तर ओ देईना. आधी गॅस बंद केला, मग तिला पाणी पाजलं. तिला दवाखान्यात नेताना माझ्या मनात काय होतं? सोंग तर नाही ना, हे होतं. माणूस कुठवर जातो ते मला ठाऊक आहे.

या डॉक्टरीणबाई नवीन होत्या, लेकीच्या वयाच्या. त्यांनी रक्तदाब घेतला आणि विचारलं, सकाळी काय खाता? मी म्हणालो, अर्धी भाकरी आणि भाजी. दुपारी? मी म्हणालो, अर्धी. चालणं होतं का? मी सांगायला लागलो. तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"काका, पेशंट कोण आहे? तुम्ही का त्या?"

मग माझी बायको बोलली. माझ्याकडं न बघता, टेबलाकडं बघून.

"सकाळी पयली भाकरी मी खाती. कोठीत, उभ्यानं. ती लाभाची, तिची मोजणी न्हाय, असं मनाला सांगायची. चार दिस झाले, तीबी सोडली." मग म्हणाली, "मला भूक लागती, हे घरात बोलायची चोरी झालीया, बाई."

डॉक्टरीणबाई माझ्याकडं वळल्या आणि तो प्रश्न विचारला. मी "नाही" म्हणालो. "मला कसं माहीत असणार," असंही वर म्हणालो. माझ्या बायकोनं परक्या बाईसमोर आपलं सगळं उघडं करून ठेवलं होतं, आणि मी, ज्यानं डबे तोलले, बरणीवर रेघ मारली, फटीतून बघितलं, तो भोळा नवरा होऊन बसलो. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मला वाचता आलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं ते साधंच होतं. पहिली भाकरी खायची, पण बसून, ताटात घेऊन, पालेभाजी आणि वरणाबरोबर, सावकाश. भुकेलं राहायचं नाही. उपाशी राहून मग घाईघाईत खाल्लेलं पोटाला कळत नाही. शेंगाची चटणी चमचाभर घ्यायची, बरणी लपवायची नाही. खुर्चीवर बसून पायाचे व्यायाम दाखवले. वजन महिन्यातून एकदा इथंच, नर्सताईंपाशी, आणि काका बाहेर बसतील. मी बाहेर बसायला लागलो.

वजन उतरलं. हळू, वर्षभरात थोडं थोडं. किती, ते मला माहीत नाही आणि मी विचारलेलं नाही. ऑपरेशन आजवर तरी टळलंय. ती आता ओट्यापाशी स्टूल घेऊन भाकरी थापते आणि पहिली उतरली की माझ्या आधी खाऊन घेते, माझ्यासमोर. मध्ये एकदा लेक आली तेव्हा धपाटे केले होते. बायकोनं दीड खाल्लं आणि उरलेलं अर्धं झाकून ठेवलं. म्हणाली, पोट भरलं. पूर्वी ती अर्धं ठेवू शकत नव्हती, कारण पुन्हा कधी मिळेल याचा नेम नव्हता.

पण माझा संशय गेलेला नाही, त्यानं फक्त जागा बदलली. ती "पोट भरलं" म्हणाली की मला वाटतं, खरंच भरलं, की मी बघतोय म्हणून म्हणाली? ती माझ्या ताटात तूप वाढताना जरा थांबते, तेव्हा वाटतं, हिला भज्यांचं कळलंय का? ती हसून काही बोलली तरी मी त्यात तळाचा खडा शोधतो. आणि सगळ्यांत जास्त वाटतं ते हे, की त्या दिवशी दवाखान्यात माझं "नाही" तिनं ओळखलं होतं आणि तेव्हापासून ती वाट बघते आहे. कदाचित बघतही नसेल. न विचारता हे कळणार नाही, आणि विचारायचं तर आधी सांगावं लागेल.

हे लिहिणं म्हणजे तिला सांगणं झालं असं मी धरत नाही. समोर बसून, तिच्याकडं बघून, मला माहीत होतं असं मी तिला अजून सांगितलेलं नाही. काट्यावर तिचा आकडा पुकारला त्याची माफीही मागितलेली नाही. या दोन्ही गोष्टी मी तिला देणं लागतो.