मांजराच्या बाजूची हिराजिजी

तंबूतल्या सिनेमात हिराजिजी मांजराची बाजू घ्यायची, तीही ओरडून. गावात तिच्याखेरीज कोणीच मांजराच्या बाजूचं नव्हतं.

ते लढाईचे दिवस होते. रनाळ्याहून दोन कोसांवरच्या त्या गावात मी चौथीपर्यंतच्या शाळेचा मास्तर होतो आणि जिजीच्या घराच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहत होतो. जिजी पन्नाशीची असावी. नवरा लवकर गेला, मूलबाळ राहिलं नाही. बारा एकर कपाशी ती स्वतः उभी राहून करवून घ्यायची. तिच्या बोलण्यात अहो-जाहो नव्हतंच. मामलेदार आला तरी ती त्याला ‘तू’ म्हणे. मी तिला ‘तुम्ही’ म्हणत असे. मनात मात्र ती फार लवकर ‘ती’ झाली, आणि तशीच इथे लिहितो आहे.

रनाळ्याचा मुक्काम आटोपून फिरता सिनेमा आमच्या गावी आला. खळ्यात तंबू उभा राहिला, मधे दोरी बांधून एका अंगाला बायका आणि दुसऱ्या अंगाला पुरुष बसले. देवाच्या सिनेमाआधी मशीनवाला सात-आठ मिनिटांचं एक मांजर-उंदराचं चित्र दाखवी. त्यात बोलणं काहीच नव्हतं. मांजर उंदरामागे धावे, भिंतीवर आपटे, शेपटी दारात चेंगरून घेई. उंदीर चेंगरला, फुटला, चपटा झाला, तरी पुन्हा उठून पळे. लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत. आणि दोरीपलीकडून जिजीचा आवाज येई, “आरे बोक्या, मांगे देख! मांगे शे तो, मांगे!” मग लोक चित्रापेक्षा तिलाच अधिक हसत.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर चित्राची चर्चा चाले. सुतार म्हणे, मांजर दूध पिऊन सुस्तावलं आहे, उपाशी ठेवलं असतं तर पहिल्या उडीत धरलं असतं. शिंप्याला उंदीर आवडला होता. लहान जिवाला अक्कल असते, हे दाखवायलाच ते चित्र काढलंय, असं त्याचं ठाम मत. जिजी विहिरीवरून येता येता थांबे आणि वेगळंच विचारी, “त्या घरनी बाई कोठे शे? दूध उघडं, रोट्या उघड्या! आनि तुम्ही हासतस. दाना तुमना खास तो, टाळ्या बी तुम्हीच वाजाडतस.”

दौलत पाटील, जिजीचा दीर, गावचा पोलीस पाटील, शांत माणूस. तो म्हणाला, “वहिनी, चित्रमातला उंदीर मरत नई, म्हनीसन हासानं.”

“आनि घरमातला मरस तव्हय?” जिजीने विचारलं.

पाटलाने मान खाली घातली. मला त्या प्रश्नाचा अर्थ तेव्हा कळला नाही. जिजी ऐन विशीत होती तेव्हा गावात गाठीचा रोग, प्लेग, आला होता. आधी उंदीर पडले. लोकांनी ते गुपचूप जाळले आणि घरं सोडली नाहीत. तिचा नवरा आणि दोन वर्षांचा मुलगा एका आठवड्यात गेले. हे तिने मला कधीच सांगितलं नाही. मागाहून दुसऱ्यांकडून कळलं.

पाचव्या दिवशी दिवेलागणीला आम्ही नेहमीसारखे बसलो होतो. चित्र मध्यावर आलं होतं. पडद्यावर उंदीर हातोडीखाली सापडून चपटा झाला, आणि त्याच वेळी पडद्याखालच्या उजेडाच्या पट्ट्यात एक खरा उंदीर आला. चांगला मोठा, करडा. तो झोकांड्या खात होता. दोन पावलं पुढे आला, स्वतःभोवती फिरला, पुन्हा फिरला. पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, “आरे, पडदामातून बाहेर उना रे!” आणि सगळा तंबू फुटल्यासारखा हसला. उंदीर आडवा पडला. त्याचे पाय झाडले गेले आणि थांबले. लोक टाळ्या वाजवत वाट पाहत होते. चार संध्याकाळी त्यांनी उंदीर उठताना पाहिला होता, हाही उठेल असं त्यांना वाटत होतं. मीही हसत होतो, मीही वाट पाहत होतो.

जिजी दोरी ओलांडून पुढे आली. तिची काळी सावली अख्ख्या पडद्यावर पडली.

“कोनी हात लावू नका! मांगे सरका!”

“जिजी, तुन्हा बोकाले बलाव!” एकाने हाक दिली. पुन्हा हशा.

“तो आते उठत नई. तुम्ही उठा!”

आणखी हशा. रोज मांजराच्या बाजूने ओरडणारी बाई आज पडद्यापर्यंत गेली, एवढंच लोकांना दिसत होतं. एक तरणा गडी तर उंदराची शेपटी धरून उचलायला वाकला. जिजीने त्याच्या दंडाला धरून त्याला मागे ढकललं, मशीनवाल्याची रिकामी बादली उचलली, उंदरावर उपडी घातली आणि त्या बादलीवर बसली. मशीन थांबलं. बत्ती पुढे आणली गेली. बत्तीच्या उजेडात तिचा चेहरा पाहिला तेव्हा माझं हसू गेलं.

दौलत पाटील पुढे आला. “वहिनी, लोकसमोर हाई काय लाई दिधं?”

जिजी म्हणाली, “दौलत, उंदीर पडना.”

ती मोठ्याने बोलली नव्हती. पण मागे बसलेले म्हातारे एकेक करून उभे राहिले. त्यांनी आपली पांघरुणं झटकली, नातवंडांचे हात धरले आणि ते चालू लागले. तरण्यांना काय झालं ते कळेना, पण तेही उठले. थोड्याच वेळात तंबू रिकामा झाला. बादलीवर बसलेली जिजी, पाटील, मशीनवाला आणि मी, एवढे चौघे उरलो.

“एक उंदीर मरना, त्यानं काय इतलं?” पाटील हळू आवाजात म्हणाला. “आठ दिनवर सुमननं लगन शे, वहिनी.”

सुमन त्याची एकुलती एक मुलगी. तिला जिजीनेच अंगाखांद्यावर खेळवलं होतं. नवापूरकडचं स्थळ होतं, पाटलाच्या अंगणात मांडव उभा राहिला होता.

“मांडव मळामा घाल,” जिजी म्हणाली.

“कसाकरता म्हनीसन सोयरा इचारतीन.”

“मंग खरं सांग.”

पाटील निघून गेला.

सकाळी जिजीने घासलेटच्या तुटवड्यातही घरातलं सगळं घासलेट ओतून तो उंदीर जाळला. मग कोठीची खोली उघडली. कोठीमागे आणखी दोन पडलेले होते. ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. “मास्तर, लिव्ह. मामलेदारले लिव्ह, उंदीर पडना, डॉक्टर धाड.” मी चांगल्या शुद्ध मराठीत अर्ज लिहिला. तिने त्याखाली अंगठा उठवला. रनाळ्याचा टपालवाला दुपारी शाळेवर यायचा, त्याच्या हाती तो द्यायचा होता.

टपालवाल्याच्या आधी पाटील आला. शाळेच्या पायरीवर टोपी काढून बसला. मला त्याने धमकी दिली नाही, काही देऊ केलं नाही. एवढंच म्हणाला, “मास्तर, दोन दिन. सोयरा उद्या साड्या लई येतस. सोयरा परत गयात का मी सोता कागद लई जासू. मन्ही आंडेर शे, मास्तर, एकुलती पोर.”

मी अर्ज वाचनाच्या पुस्तकात ठेवला. मी त्याला भ्यायलो म्हणून नव्हे. समोर बसलेल्या बापाला मला ‘नाही’ म्हणता आलं नाही, इतकंच. दोन दिवसांत काय होणार आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

जिजी त्याच दिवशी गाय, जातं आणि दोन मडकी घेऊन मळ्यात राहायला गेली. जाण्याआधी ती घरोघर फिरली. “चाला, आजच चाला, घरले कुलूप लावा,” असं दारात उभी राहून सांगत होती. अर्धं गाव तिच्यामागे गेलं. उरलेले म्हणाले, पाटील जाईल तेव्हा आम्ही जाऊ. रोज दुपारी ती गाडीवाटेच्या कडेला उभी राहून डॉक्टरची वाट पाहायची. मी शाळेतून तिला पाहायचो आणि फळ्याकडे तोंड करायचो.

तिसऱ्या दिवशी सुपडूला ताप भरला. सुपडू हा पाटलाचा जुना सालदार, वर्षाच्या बोलीचा गडी. साड्या आल्यापासून मांडवाची राखण करायला तो तिथेच निजत होता. त्याच्या काखेत गाठ आली होती.

मी पुस्तकातून अर्ज काढला आणि मळ्यात गेलो. जिजी वाटेवरच होती.

“डॉक्टर का उना नई, मास्तर?”

मी कागद पुढे केला. तिला वाचता येत नव्हतं, पण तो कोणता कागद आहे हे तिला लगेच कळलं. अंगठा ओळखू आला असेल.

“कितला दिन?”

“दोन, जिजी.”

“कोठे व्हता?”

“पुस्तकात.”

मला वाटलं, ती ओरडेल. मला ते हवं होतं. तिने डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि म्हणाली, “चाल.” आम्ही रनाळ्याला चालत गेलो, गाडीने नंदुरबारला गेलो. गाडीत ती माझ्यासमोर बसली, कागद स्वतःच्या मुठीत धरून. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आला, त्याने सगळ्यांना टोचलं, गाव रिकामं करवलं. सुपडू त्याच संध्याकाळी गेला.

लग्नाला चार दिवस होते. पाटलाने नवापूरला काहीच कळवलं नव्हतं. तो मळ्यातल्या झोपडीत भिंतीकडे तोंड करून पडून होता. जिजी एकटीच गाडीने नवापूरला गेली. सोयऱ्यांच्या अंगणाबाहेर उभी राहिली, ओट्यावर चढली नाही, दिलेलं पाणी प्यायली नाही. “मी गाठना गावनी शे, दूर ऱ्हावा. वऱ्हाड आनू नका,” असं तिने बाहेरूनच मोठ्याने सांगितलं. ते लोक आले नाहीत. पुढे दोन महिन्यांनी त्यांनी लग्नच मोडलं.

आम्ही सात आठवडे मळ्यात काढले. सुपडूनंतर कोणी गेलं नाही. आणि कोणी गेलं नाही म्हणूनच गावात परतल्यावर लोक बोलू लागले. “एकच ते मरना, तो बी म्हतारा. तेवढाकरता पोरनं लगन मोडं.” जिजी ते ऐके आणि कपाशीकडे निघून जाई. पाटलाने तिच्याशी बोलणं टाकलं. पुढे सुमनला अक्कलकुव्याला दिली. जाताना ती जिजीच्या पाया पडली नाही.

मळ्यात असतानाच एका दुपारी जिजी माझ्या झोपडीपुढे पाटी घेऊन बसली. “माले लिव्हाले शिकाड.” मला वाटलं, तिने मला क्षमा केली. मी आनंदाने शिकवलं. जाड बोटांनी ती अक्षर दाबून दाबून काढायची, खडू मोडायची, नवा घ्यायची. पाऊस येईपर्यंत तिला जोडाक्षरंसुद्धा येऊ लागली. त्यानंतर विहिरीचा कठडा, शाळेचं छप्पर, जे काही तालुक्याला कळवायचं ते ती स्वतः लिही. मला दाखवी, चूक असेल तर दुरुस्त करी. मग मी हात पुढे करायचो, “द्या जिजी, टपालवाल्याकडे देतो.” ती कागदाची घडी कनवटीला लावायची. “ऱ्हाऊ दे मास्तर, मी जासू.” आणि दोन कोस चालत रनाळ्याला जाऊन स्वतःच्या हाताने पेटीत टाकून यायची. चार वर्षं असंच चाललं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती माझ्यासाठी भाकरी ठेवायची, तापात माझ्या उशाशी बसायची. कागद मात्र देत नव्हती.

माझी बदली नंदुरबारला झाली. गेल्या हिवाळ्यात निरोप आला की जिजी अंथरुणावर आहे. मी गेलो तेव्हा तिची नुसती कुडी उरली होती. बोलणं तुटक होतं. दुपारी तिने उशाखालून एक कार्ड काढलं. वरचा पत्ता अक्कलकुव्याचा होता, सुमनचा. अक्षर वेडंवाकडं गेलं होतं. तिने ते हातात धरून ठेवलं, दाराकडे पाहिलं. घरात दुसरं कोणी नव्हतं अशातला भाग नाही. गड्याची बायको चुलीपाशी होती, तिचा मुलगा अंगणात होता. जिजीने कार्ड माझ्याकडे केलं.

“जाशी?”

पान वाढलेलं होतं. मी तसाच उठलो. कार्ड उघडंच होतं, पण मी ते वाचलं नाही. रनाळ्यापर्यंत ते हातातच धरून चाललो, खिशात घातलं नाही. पेटीत टाकल्यावर फटीत बोटं घालून ते खाली पडल्याची खात्री केली. परतलो तेव्हा ऊन उतरलं होतं.

“टाकी दिधं?”

“टाकलं, जिजी.”

“पेटीमा?”

“पेटीत. माझ्या हाताने.”

तिने डोळे मिटले.

त्यानंतर चौथ्या दिवशी ती गेली. दौलत पाटलाने खांदा दिला. सुमन आली ती त्याच्या दुसऱ्या दिवशी, कडेवर मूल घेऊन. ओट्यावर मी एकटाच होतो. तिच्या मुठीत ते कार्ड चुरगळलेलं होतं.

“दुसरा दिनलेच भेटनं व्हतं, मास्तर,” ती म्हणाली. “जाऊ का नको, जाऊ का नको, करी करीसन दोन दिन उशीखाले ठेवं. दोन दिनमा काय व्हस, म्हनं.”

तिने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी म्हणावं, अशी तिची अपेक्षा होती. अर्जाच्या त्या दोन दिवसांबद्दल बाप तिला कधीच सांगणार नव्हता, सांगेल असा त्या गावात मी एकटाच उरलो होतो. मी बाजूला सरकून तिला ओट्यावर जागा केली, आणि पहिल्यांदाच कोणालातरी पुस्तकातल्या त्या कागदाची गोष्ट सांगायला सुरुवात केली.