फॅट म्हणा नाहीतर साय

ईट गावच्या दूध केंद्रातला कॉम्प्युटर सकाळपासून आमचं म्हशीचं दूध ‘फॅट शून्य’ म्हणून नाकारत होता. माझं टाळकं तापलंच होतं, पण दुरुस्तीला आलेल्या बाईचं त्याहून जास्त तापलं. बांगड्या कोपरापर्यंत सारून तिनं कोड वाचला आणि टेबलावर हात आपटला.

"कुण्या शहाण्यानं लिहिलंय हे? आकडा ठेवलाय ‘फॅट’ नावानं अन् तपासतोय ‘साय’ नावानं. तिथं शून्यच दिसणार की!"

केंद्राचे चेअरमन हसले. "दोन्ही एकच की ओ मॅडम. मशीनला काय कळतंय?"

"कळत न्हाय, म्हणूनच नाव एकच लागतंय!"

कुणाचे तरी कान उपटावेत तसा तिनं एकेक ‘साय’ खोडून ‘फॅट’ लिहिला. मशीन सुरळीत चालू झालं. सकाळपासून पायरीवर बसलेल्या म्हातारीला तिनं हाक मारली, "मावशी, आणा तुमचं दूध."

मावशीनं रिकामी किटली उलटी करून दाखवली. "उन्हानं नासलं, बाई. आत्ताच वतलं."