अमावस्येच्या आदल्या दिवशीचा स्लॅब

स्लॅबचा दिवस बदलल्याचं मी वायरमनला कळवलंच नव्हतं. आणि मालकांनी विचारल्यावर म्हणालो, "कळवलं होतं, तोच आला नाही." पहिली चूक विसरल्यामुळे झाली. दुसरी मी जाणूनबुजून केली.

नांदेडला मुलींच्या वसतिगृहाचं काम चालू होतं आणि मी तिथला सुपरवायझर होतो. मालक निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना सरच म्हणत. ठरलेल्या दिवशी अमावस्या आहे हे ऐनवेळी त्यांच्या पत्नीच्या लक्षात आलं आणि स्लॅब एक दिवस अलीकडे आला. मी मिक्सरवाल्याला, सळईवाल्यांना, मुकादमाला फोन केले. वायरमन राहिला. त्याने पुढच्या भागात विजेचे पाइप टाकले होते. मागचा भाग तो आधी ठरलेल्या दिवशी पहाटे येऊन करणार होता.

नारळ फुटला, पुढच्या बाजूने काँक्रीट पडू लागलं. मी वर चढलो तर मागच्या सळयांच्या जाळीत एकही पाइप नाही. मध्येच थांबलो तर स्लॅबला जोड राहणार आणि तिथून पाणी झिरपणार. तसंच पुढे गेलो तर मागच्या खोल्यांत उघड्या वायरी लोंबणार.

मी फोन लावला. वायरमन तासाभराच्या अंतरावर नायगावला होता.

"स्लॅब उद्या हाय ना, साहेब?"

"आधी निघा तुम्ही," म्हणून मी फोन ठेवला. मागे सर उभे होते. ते खोटं मी तेव्हाच बोललो.

मुकादम मात्र कोणाचं चुकलं हे विचारत बसला नाही. "मिक्सर बंद करू नका. माल दमानं येऊ द्या," त्याने खाली सांगितलं. बायांची घमेल्यांची रांग संथ झाली. नळाच्या कामाला आलेला प्लंबर आपलं काम टाकून वर आला. सळईवाले जाळी उचलून धरायचे, तो पाइप सरकवायचा, मी गुडघ्यांवर बसून तारेने बांधायचो. काँक्रीट आमच्याकडे सरकत होतं.

वायरमन धापा टाकत जिना चढला तेव्हा रांगेतली एक मावशी म्हणाली, "आले का जावईबापू? अक्षता पडून गेल्या की."

सगळे हसले. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कामाला लागला. पंख्यांचे डबे त्याने बसवले, आमचे दोन वाकडे पाइप सरळ केले. दुपारपर्यंत आम्ही काँक्रीटच्या पुढे निघून गेलो होतो. दिवस मावळता मावळता शेवटचं घमेलं पडलं. मुकादमाने सपाटीचा पाटा फिरवला आणि म्हणाला, "लई भारी झाला." कुठे जोड नाही, एक पाइप कमी नाही. थकलेली माणसं कडेला उभी राहून स्लॅबकडे बघत होती. इतक्या वर्षांच्या कामात तसा आनंद मला क्वचितच मिळाला.

मग स्लॅबचं जेवण. भात, वांग्याची भाजी, बुंदी. सर पंगतीत फिरत म्हणाले, "साहेबांमुळे निभावलं आज. वरच्या मजल्याला मात्र वायरमन दुसरा बघा."

वायरमन मान खाली घालून भात कालवत राहिला. दिवस बदलल्याचा माझा फोन आलाच नव्हता, एवढं त्याने सांगितलं असतं तरी तो सुटला असता. हातातला घास मी पत्रावळीवर ठेवला. मी उठलो.

"सर, यांना मी कळवलंच नव्हतं. सकाळी तुमच्याशी खोटं बोललो."

मी जाऊन त्याच्या पत्रावळीसमोर उकिडवा बसलो.

"भाऊ, चुकलो मी आणि बोलणी तुम्ही खाल्ली. मला माफ करा."